मोहदरीचा काटा

गाडी तापते म्हणून आलात, तर आधी एवढंच सांगा,
कुठं तापते?
द्वारकेच्या सिग्नलला, उभ्या उभ्या?
की रस्ता मोकळा मिळाल्यावर, चढाला?
रज्जाक उस्ताद म्हणायचे,
बॉनेट नंतर, आधी गिऱ्हाइकाचं तोंड उघड.
उभी तापली तर पंखा बघायचा,
पळताना तापली तर पाण्याची वाट.

शैला गांगुर्डे पाथर्डी फाट्यावर आल्या तेव्हा
दहा वाजले होते,
टेम्पोत पावाचे रिकामे ट्रे.
पहाटे चारला भट्टीवरून निघायचं,
साडेपाचला मुसळगावच्या कॅन्टीनला लाद्या द्यायच्या.
"शहरात काही नाही हो. मोहदरीचा घाट लागला
की काटा लालात.
मग हीटर लावते, काचा खाली घेते
आणि भर मे महिन्यात
पायाशी दुसरी भट्टी घेऊन चढते."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं.
हीटरची युक्ती कुणी शिकवत नाही,
घाटच शिकवतो.

आधीच्या मिस्त्र्यांनी बदललेलं सगळं
त्यांनी पिशवीत भरून आणलं होतं.
वॉटर पंप, टोपण, पंख्याची मोटर,
आणि बिलं. एका बिलावर नुसतंच "चेकिंग, सातशे".
शेवटच्यानं तर थर्मोस्टॅटच काढून टाकलेला,
दारच नको, म्हणजे कडी अडकायला नको.

टोपण मी गार झाल्यावरच उघडतो.
मनगटावर माझ्या एकोणिसाव्या वर्षाचा डाग आहे,
गिऱ्हाइकांना त्यात कधी गणपती दिसतो, कधी गुजरात.
पाणी काठोकाठ, हिरवं. बुडबुडे नाहीत.
डिपस्टिक पुसली, तेल बोटांत चोळलं,
काळंच होतं, दुधाळ नाही. हेड गॅस्केट शाबूत.
जाळीवरून हात फिरवला, सगळीकडं सारखी ऊब.
मला काहीही सापडलं नाही.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
चहा सांगितला.

मग इंजिन चांगलं तापू दिलं
आणि म्हटलं, जुबेर, रेस दे.
घाटाइतकी. अजून.
स्वतः पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकलो.
रेडिएटरचा खालचा पाइप,
जो उभ्या गाडीत गुटगुटीत दिसतो,
ज्याला चार मिस्त्र्यांनी दाबून "ओके" म्हटलं असेल,
हळूहळू आत ओढला गेला,
घट्ट लस्सी ओढताना स्ट्रॉ होते तसा
चपटा.
रेस सोडली. फुगला, जसा काही झालंच नाही.
"पुन्हा दे."
चपटा.
आतली स्प्रिंग केव्हाच गंजून गेलेली.
पंप जितक्या जोरानं पाणी मागणार
तितकी वाट बंद.

मी दुसरा पुठ्ठा टाकला.
शैलाताई ओढणी कमरेला बांधून खाली आल्या,
बराच वेळ बघत राहिल्या.
"म्हणजे एरवी ठणठणीत,
आणि गरज पडली की..."
"हो."
"अगदी आमचे भाऊजी!" म्हणाल्या,
आणि गाडीखाली इतक्या हसल्या
की जुबेरनं घाबरून चावी बंद केली.

पाइप दोनशे चाळीसचा.
थर्मोस्टॅट नवा टाकला, कूलंट भरलं,
हवा निघेपर्यंत गाडी चालू ठेवली.
मजुरीशी येऊन मी अडलो,
पुठ्ठ्यावर झोपायचे किती लावायचे?
त्यांनी पैसे मोजून दिले, पिशवी मात्र इथंच ठेवली.
अजून आहे, पान्यांच्या खिळ्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन.
मला वाटलं, फुटला.
"मिस्त्री, घाटात उभी आहे."
मी उठून बसलो. "काटा?"
"मध्यावर."
मागून एक ट्रक चढत गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत दोघंही गप्प.
"मग थांबलात कशाला?"
"उगाच. कधी थांबून बघितलाच नव्हता हा घाट."
आणि थोड्या वेळानं,
"गार लागतंय हो इथं."